भिकू नाखव्याचा टोप आणि मी

मित्रांनो, रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत कधी उभे राहिलात, तर जरा मागे वळून टेकडीकडे बघा. माथ्यावर एक लोखंडी खांब दिसेल. खांबावर ऊन पिणारी काळी पाटी आणि तिच्याखाली शाळेच्या दप्तराएवढी पांढरी पेटी टांगलेली आहे. पांढरी म्हणजे एकेकाळी पांढरी. आता माझ्या कडांना गंज चढलाय, आणि डोक्यावर समुद्रपक्ष्यांनी काय करून ठेवलंय ते न बोललेलंच बरं. तर ती पेटी म्हणजे मी. कागदावर माझं नाव लांबलचक आहे, पण खालच्या कोळीवाड्यात मला सगळे 'चिक्कू' म्हणतात. म्हणू देत. चिकटपणा केला नसता तर मी कधीच मेले असते.

माझं काम निरोप पोचवायचं. खांदेरी बेटाच्या पलीकडे गेलं की मोबाइल मुका होतो. आमच्या कोळीवाड्याच्या दहा होड्या तिथेच जाळी टाकतात. प्रत्येक होडीवर माझी एक धाकटी बहीण बसवलेली आहे, तिला सगळे 'डबी' म्हणतात. डबी बोलते ते मी ऐकते आणि धक्क्यावरच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसला पोचवते. ऑफिसचं बोलणं डब्यांना पोचवते. मध्ये तार नाही, दोरी नाही, सगळं हवेतून. हवा फुकट असते असं तुम्हाला वाटत असेल. मला नाही वाटत.

कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं बोलले की दोघांचंही वाया जातं. आणि बोलायला ताकद लागते. पाटी दिवसभरात जेवढं ऊन पिईल तेवढीच माझी भाकर. त्या भाकरीत दहा होड्या, एक ऑफिस, हवामानाचा इशारा, बर्फाची मागणी, घरच्यांची ख्यालीखुशाली, सगळं भागवायचं. कोणाला किती वेळ द्यायचा, कोणासाठी किती जोर लावायचा, याची वाटणी करता करता माझा जीव सतत टांगणीला लागलेला असतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं अंथरूण म्हणजे रुमाल हो, रुमाल!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून इथे आले आणि पहिला पावसाळा सोसायटीच्या गोदामात दोरखंडाच्या गुंडाळ्यांखाली काढला. मला वाटलं, संपलं आपलं आयुष्य. पण भाविका आली. भाविका कोळीवाड्यातलीच मुलगी, मुंबईला शिकून बिनतारी यंत्रांची इंजिनीअर झालेली. तिने मला उचललं, पुसलं, टेकडीवर चढवलं आणि एक विद्या शिकवली. त्या विद्येवरच मी आजवर तगले आहे. ती विद्या तिने तिच्या केसरकाकीला कशी समजावली तेच सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल.

केसर ही भिकू नाखव्याची बायको. नाखवा म्हणजे होडीचा मालक. टेकडीच्या पायथ्याशी केसर बोंबील वाळत घालते आणि तोंडी बेरीज-वजाबाकीत तिचा हात कोणी धरणार नाही. भाविका तिला म्हणाली, "काकी, दादूमामाला ऑफिसला एक आकडा कळवायचा आहे, पाच. आणि ऑफिसला आपल्या काकाला एक आकडा कळवायचाय, सात. ही पेटी पाच आणि सात वेगवेगळे सांगत नाही. एकदाच ओरडते, बारा!"

"येडी हाय का काय? बारा कोनी मागितला व्हता?"

"ऐक ना. दादूमामाची होडी काकाच्या शेजारीच असते. मामाने पाच म्हटलं तेव्हा काकाच्या डबीने ते ऐकून ठेवलंय. आता बारा ऐकलं तर?"

"बारातनं पाच गेलं, सात," केसर बोंबील उलटता उलटता म्हणाली. "आनि हापिसाला सात ठावंच हाय, म्हून त्यास्नी पाच कललं. अगो बाय! येकदा वरडून दोगांचं काम!"

अगदी हेच, मित्रांनो. आकड्यांच्या जागी निरोप ठेवा, बाकी काही फरक नाही. दोन निरोप एकात मिसळायचे आणि एकाच दमात फेकायचे. ज्याच्यापाशी एक आहे त्याला दुसरा आपोआप मिळतो. अर्धी भाकर वाचते. कोळीवाड्यात माझं कौतुक झालं. सोसायटीच्या सभेत टाळ्या वाजल्या. नामदेव नावाच्या म्हाताऱ्या नाखव्याने मला नारळ वाढवला. त्याचं पाणी माझ्या खांबावर उडालं आणि तिथेच पहिला गंज धरला, पण ते असो.

कौतुकाने मी शेफारले, हे कबूल करते. भाविकाने मला दोन मुभा दिल्या होत्या. बेरीज करण्याआधी समोरच्या डबीला विचारायचं, "दुसऱ्याचा निरोप ऐकलास ना?" किंवा आपणच अंदाज बांधायचा. विचारायलाही ताकद लागते. मला तीही वाचवायची हाव सुटली. दादूची होडी भिकूच्या जवळ आहे ना? मग भिकूच्या डबीने दादूचं ऐकलंच असणार. विचारायचं कशाला? मी अंदाजाने बेरजा करू लागले आणि आपली पाठ आपणच थोपटू लागले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती.

आता भिकू नाखव्याबद्दल सांगायला हवं. माणूस मनाने वाईट नाही. पण म्हावरं कुठे मिळालं हे कोणाला सांगायचं नाही, ही इथली जुनी रीत आणि भिकू त्या रीतीचा राजा. टोपल्या भरभरून सुरमई उतरवत असताना कोणी विचारलं, "भिकू, कुटं गावली रं?" की तो शांतपणे म्हणायचा, "पान्यात." पुढे एक अक्षर नाही. दादू त्याचा बालमित्र, होडीला होडी लावून दोघांनी उभं आयुष्य काढलं. पण त्यालाही उत्तर हेच.

अशा माणसाला कळलं की आपली डबी बोलते ते दादूची डबी ऐकून ठेवते, आणि दादूचं आपली. झालं! तो भाविकाकडे आला.

"म्हंजे माजी जागा दादूला कलल?"

"नाही रे काका. निरोप कुलूपबंद असतात. डबी नुसती जपून ठेवते, दादूमामाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही."

"कुलपाला चावी असतेच ना कुटंतरी?"

भाविकाने तासभर समजावलं. भिकूने मान डोलावली. मग होडीवर जाऊन काय केलं माहीत आहे? डबीला दोन काड्या असतात. लांब काडी माझ्याशी बोलायला आणि आखूड काडी शेजाऱ्यांचं ऐकायला. भिकूने होडीवरचा भात शिजवायचा मोठा ॲल्युमिनियमचा टोप घेतला, आखूड काडीवर उपडा घातला आणि वरून दोरी आवळली. त्याच्या मते आता दादूला त्याचं काही ऐकू जाणार नव्हतं. खरं तर दादूला सगळं जात होतं, कारण भिकूची लांब काडी उघडीच होती. बंद झाला होता तो भिकूचाच कान.

हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगते आहे, कारण माझी त्या सकाळी जशी घालमेल झाली तशी तुमची होऊ नये. किंवा व्हावी, म्हणूनही असेल.

दोन महिने भिकूचे निरोप अधूनमधून फुटायचे. केसर पाठवायची, "चहापूड संपली, येताना आणा." ते दादूच्या निरोपात मिसळून जायचं आणि भिकूच्या डबीला त्यातून काही सुटायचं नाही. मी पुन्हा पाठवायचे. कधी एकटाच निरोप जायचा, तो पोचायचा. कधी नाही. भिकू घरी येऊन म्हणायचा, "ती चिक्कू म्हातारी झाली." आणि मी म्हणायचे, लांब असतो म्हणून होत असेल. चहापूडच तर आहे! एवढ्यासाठी कोण विचारपूस करत बसणार?

मग ती माघातली सकाळ आली.

तीन दिवस धुकं होतं. धुकं आणि धूर एकत्र झालेलं, खरवसासारखं घट्ट. ऊन नावाला नाही. पाटीवर पक्ष्यांची घाण, मिठाची पुटं. भाविकाने जादा बॅटरी मागितली होती, त्यावर सोसायटीने "पुढच्या मीटिंगला बघू" म्हटलं होतं, आणि अशा तीन मीटिंगा झाल्या होत्या. त्या सकाळी माझ्या अंगात पावभर ताकद उरली होती. समुद्रावर दहाच्या दहा होड्या. धुक्यात त्यांना दर पाच मिनिटांनी एकमेकींची जागा कळवायला हवी, नाहीतर होडीवर होडी आदळायची. मी सगळ्यांना बारीक आवाजात, बेरजा करकरून सांभाळत होते. मनात एकच धाकधूक, ऊन पडेपर्यंत पुरेल ना?

नऊ वाजून दहा मिनिटांनी भिकूच्या डबीकडून निरोप आला. इंजिनाची बॅटरी बसली, इंजिन लागत नाही, बोलायचा वायरलेसही त्याच बॅटरीवर, तोही गेला. नांगर टाकून थांबलोय. डबीत स्वतःची छोटी बॅटरी असते म्हणून एवढं तरी आलं. निरोपाबरोबर त्याची जागा होती.

मी ती ऑफिसला पोचवली. तिथे भाविकाच्या समोरच्या पडद्यावर मोठ्या जहाजांची वाट दिसते, उरणच्या बंदराकडे जाणारी. भिकू बरोबर त्या वाटेत होता. धुक्यात वाहत आत शिरला होता आणि आपण वाटेबाहेर आहोत असं समजून तिथेच नांगर टाकून बसला होता. आणि बाहेरून एक जहाज येत होतं. डोंगरावर डोंगर ठेवावा तसे डबे लादलेलं. दहा वाजायच्या आत ते तिथे पोचणार होतं. भाविकाने बंदराला फोन लावले, पण अरुंद वाटेत एवढं धूड वळणार कुठे आणि थांबणार कसं?

भिकूबरोबर होडीवर विनेश होता, केसरचा सख्खा भाऊ, आणि आणखी चार खलाशी.

भाविकाने निरोप पाठवला: "काका, तू जहाजाच्या वाटेत आहेस. नांगर तोड, जाळं तोड. पाण्याची ओढ दक्षिणेला आहे, ती तुला बाहेर काढेल." दादूलाही तिने आधीच कळवलं होतं, त्याच क्षणी त्याचा निरोप आला: "मी भिकूकडे निघालो." दोन निरोप, एक हवा, पावभर ताकद. मी काय केलं असेल? बेरीज! झटकन मिसळले आणि फेकले. ऑफिसला दादूचा निरोप मिळाला. मी भिकूच्या पावतीची वाट बघू लागले. निरोप पोचला की डबी "पोचला" म्हणते. इतकंसं बोलायचं असतं.

पावती आली नाही.

मी पुन्हा तीच बेरीज फेकली. नाही. तिसऱ्यांदा. नाही. नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती.

भाविकाला वाटलं, माझा दम संपतोय. तिने केसरला फोन केला, कारण टेकडीच्या सगळ्यात जवळ तीच होती. केसर बोंबील तसेच टाकून धापा टाकत वर आली. खांबाच्या कट्ट्यावर चढून एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने तिने पदराने पाटी पुसायला सुरुवात केली. फोनमधून भाविकाचा आवाज मोठ्याने येत होता.

"काकी, पेटी जिवंत आहे. निरोप जातोय. काकाला उघडतच नाहीये! दादूमामाच्या निरोपात मिसळून गेलाय, काकाच्या डबीने मामाचं ऐकलेलं असायला हवं..."

केसरचा हात पाटीवर थांबला.

"भाविके... त्याच्याकडं पाच न्हाय."

"काय?"

"अगो, त्याच्याकडं पाच न्हायच! त्यानं डबीवर टोप घातलाय. माजा मोटा टोप. दादूचं कान बंद केलं बोलला. मलाच येऊन बोलला, दोन म्हयने झालं." तिचा आवाज फाटला. "आनि मी हसली. मी हसली गो, भाविके. तुला सांगायला पायजे व्हतं."

मग भाविका म्हणाली, "पाटी पुसत राहा, काकी. थांबू नकोस."

आणि मी? मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. दोन महिने तो माणूस मला सांगत होता की पोचत नाही, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. एक प्रश्न! इवलीशी ताकद लागली असती!

आता भिकूला त्याचा निरोप एकट्याचा, निर्भेळ पाठवायला हवा होता. पण तो सगळ्यात लांब. बारीक आवाज त्याच्यापर्यंत नीट जात नाही, पूर्ण जोर लावावा लागतो. तसा जोर लावला तर माझ्यात जेमतेम सहा हाका उरल्या होत्या. आणि बाकीच्या नऊ होड्या? त्याही धुक्यात होत्या, त्यांच्यातही माणसं होती. एकासाठी नऊ जणींना आंधळं करायचं? वाटणी हेच माझं काम, पण ही वाटणी माझ्याने होईना.

ती भाविकाने केली. तिने माझ्यातर्फे नऊ होड्यांना एकच निरोप पाठवला: "भिकूकाका जहाजाच्या वाटेत अडकलाय. तुमच्या वाट्याची ताकद त्याला हवी आहे. दादूमामा सोडून सगळ्यांनी आहात तिथेच थांबा, भोंग्याने आवाज देत राहा आणि डबीवर काही पाठवू नका."

मला वाटलं, कोणीतरी विचारेल, का म्हणून? भिकूने कधी कोणाला एक जागा सांगितली होती? पण एक एक करून डब्या गप्प झाल्या. कोणी "बरं" म्हणायलाही हवा खर्च केली नाही. एवढी रिकामी हवा मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

"काकी, निरोपाचे तीन तुकडे करते," भाविका म्हणाली. "नांगर तोड, जाळं तोड, आणि..."

"आनि टोप काड म्हनावं!" केसर ओरडली. "टोप काड आनि वाजव! धुक्यात दादूला दिसल काय? आयकू तरी येऊ दे!"

मी पहिली हाक मारली, पूर्ण जोराने. लाटेच्या खळग्यात होडी गेली असावी, काही आलं नाही. दुसरी. तिसरी. अंगातली ताकद ओंजळीतल्या पाण्यासारखी चालली होती. चौथ्या हाकेला पावती आली, पण एकाच तुकड्याची. नांगराची नाही, जाळ्याची नाही. "टोप काढ आणि वाजव" एवढंच भिकूला मिळालं होतं. बिचारा गोंधळला असेल! पाचवी हाक. पुन्हा काही नाही. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं.

एक हाक उरली.

तेवढ्यात दादूचा निरोप आला. "मीही वाटेत शिरलो. माझी जागा ही. जहाजाला कळवा." आता ऐका माझी दैना. दादूची जागा भाविकाला मिळाली नाही, तर ती बंदराला काय कळवणार, आणि जहाज दादूच्या अंगावर जाणार. भिकूला "नांगर तोड" मिळालं नाही, तर भिकू जाणार. हाक एक, निरोप दोन. मिसळायचे? मिसळूनच तर घात झाला होता! भिकूच्या काडीवरचा टोप निघाला असेल का? निघाला असेल, असा अंदाज होता. पण अंदाजाचं मला आता भय बसलं होतं.

मी थांबले, मित्रांनो. ताकद नव्हती तरी थांबले आणि पहिल्यांदाच विचारलं. अगदी बारीक, जवळजवळ कुजबुजून: "दादूचं ऐकलंस का?"

वर केसर पाटी पुसत होती आणि नवऱ्याला शिव्या घालत होती. "मेल्या, काड ना टोप! तुज्या सुरमईला काय आग लावायची हाय?" शिव्या देता देता रडत होती.

भिकूच्या डबीकडून उत्तर आलं. तुटक, पण आलं. "ऐकलं."

मी दादूची जागा आणि "नांगर तोड, जाळं तोड" एकत्र केले, अंगात होतं नव्हतं ते सगळं घातलं आणि हाक मारली. पावती आली की नाही, ते मला कळलं नाही. केसरचा पदर पाटीवरून फिरत होता, एवढं शेवटचं आठवतं. मग सगळं विझलं.

मरण म्हणतात ते तसंच असेल. पण खरं सांगू? विझताना भीती मरणाची नव्हती. ते सहा जण वाचले की नाही, हे न कळताच चालले, याची होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पाटीवर ऊन पडलं आणि मी हळूहळू जागी झाले. कोणीतरी पाटी पुसत होतं. पदर नव्हता, ओलं फडकं होतं, आणि हात खरबरीत होता. बराच वेळ मला ओळखू येईना. मग खालून केसरचा आवाज आला, "कोपऱ्यात पूस, कोपऱ्यात! पक्ष्यानं केलेलं दिसत न्हाय काय?"

"पुसतोय ना. जरा गप ऱ्हा," वरून भिकू नाखवा म्हणाला.

भिकू! मित्रांनो, मला रडता आलं असतं तर मी तिथेच रडले असते.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. टोप काढल्याबरोबर विनेशने तो पळीने बडवायला सुरुवात केली. शेवटचा निरोप उघडला तसा भिकूने कोयत्याने नांगराची दोरी तोडली, मग जाळं तोडलं. त्या जाळ्यावर त्याने तीन वर्षं जीव टाकला होता. होडी दक्षिणेला वाहत वाटेबाहेर गेली. जहाज धुक्यातून गेलं, ते त्यांना दिसलंसुद्धा नाही. नुसती घरघर ऐकू आली आणि मग लाट आली. लाटेने होडी अशी उचलली की एक खलाशी पाण्यात पडला, त्याला विनेशने केसाला धरून वर घेतलं. दादू वाटेच्या कडेलाच होता, त्याची जागा कळताच जहाज तेवढं बाजूला सरकून गेलं. दादू टोपाच्या आवाजाच्या रोखाने आला आणि होडीला दोर बांधता बांधता पहिलं वाक्य बोलला, "का रं भिकू, कुटं गावलास?" भिकू म्हणे नुसता त्याच्या गळ्यात पडला.

भाविका वर आली तेव्हा भिकू फडकं पिळत उभा होता. तिने पुन्हा सांगितलं की निरोप कुलूपबंद असतात.

"नसंना का कुलूप," भिकू म्हणाला. "आयकू दे सगल्यांना. म्हावरा काय माज्या बापाचा हाय?" मग खाली बघून हळूच म्हणाला, "पोरी, सहा मानसं व्हती गो होडीवर. मी टोप घातला त्यांच्या कानावर."

पुढच्या मीटिंगला जादा बॅटरी मंजूर झाली. अजून आलेली नाही. त्या दिवशी मी तळाला गेले, तेव्हापासून माझी जुनी बॅटरी अर्धीच भरते. काटकसर आता जास्तच करावी लागते, बेरजा जास्तच कराव्या लागतात. आणि बेरीज एकट्या माझ्याने होत नाही. दहा जणींनी एकमेकींचं ऐकून ठेवलं तरच माझी अर्धी भाकर दहा जणींना पुरते.

म्हणून तुमच्याकडे तीन गोष्टी मागते. खांबावर माझ्यासारखी कोणी पेटी दिसली, तर दगड मारू नका, मोठ्या माणसांना सांगून तिची पाटी पुसून घ्या. आणि शेजाऱ्याचं आपल्या काय कामाचं, असं म्हणून कान झाकून घेऊ नका. त्याच्या निरोपावाचून तुमचा निरोप उघडणार नाही, असा दिवस येतो. कोणाला समजलं असेलच, असा अंदाज बांधून पुढे जायची सवय माझ्यासारखी लावून घेऊ नका. विचारा. कुजबुजून का होईना, विचारा.

भिकू दर मंगळवारी पाटी पुसायला येतो. त्याचा टोप पळीच्या माराने पोचे पडून वाकडा झालाय, पण केसर त्यातच भात लावते. नवा आणून देतो म्हटलं तर ऐकत नाही. काल सकाळी थोडं धुकं होतं. केसरने नवऱ्याला निरोप पाठवला: "चहापूड संपली, येताना आणा." त्याच वेळी दादूचा ऑफिसला निरोप आला. मी दोन्ही हातात धरून थांबले आणि भिकूच्या डबीला विचारलं. ऐकलं, म्हणाली. मी आणखी एकदा विचारलं.

मग बेरीज केली. दुपारी भिकू चहापूड घेऊन घरी आला.